जुन्या काळची फुटबॉल जर्सी शिवून घेताना: आधी कापड, मग बिल्ला

जुन्या काळची फुटबॉल जर्सी हुबेहूब बनवून घ्यायची ठरली की बहुतेक जण बिल्ल्यापासून, म्हणजे छातीवरच्या संघाच्या चिन्हापासून, सुरुवात करतात. बिल्ल्याचं चित्र सापडतं, भरतकाम करणारा मिळतो, पाठीवरचा आकडा ठरतो आणि अगदी शेवटी शिंपी विचारतो, "कापड कुठलं लावू?" तोवर उत्साह ओसरलेला असतो. "कुठलंही चांगलं सुती लावा" म्हणून आपण मोकळे होतो. महिन्याभराने जर्सी हातात येते. रंग बरोबर, बिल्लाही बरोबर, पण अंगात घातल्यावर ती रात्री झोपताना घालायच्या टी-शर्टसारखी दिसते.

माझी पहिली जर्सी अशीच फसली. वर तिचे लाल-पांढरे पट्टे पहिल्याच धुण्यात लाल-गुलाबी झाले. त्या अनुभवानंतर मी क्रम उलटा केला. आता कापड हातात येऊन धुऊन झाल्याशिवाय मी बिल्ल्याचं नावही काढत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी साल पक्कं करा

"जुनी ब्राझीलची जर्सी हवी" एवढ्यावर कुणालाच काही शिवता येणार नाही. १९५० च्या विश्वचषकात ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळला. माराकाना मैदानावर उरुग्वेकडून हरल्यावर तो पांढरा रंगच लोकांना नकोसा झाला. १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने नव्या जर्सीसाठी स्पर्धा घेतली, अल्दिर गार्सिया श्ली या तरुणाचा आराखडा निवडला गेला आणि १९५४ मध्ये पिवळी जर्सी मैदानात उतरली. इटलीच्या युव्हेंटस क्लबचे खेळाडू सुरुवातीला गुलाबी जर्सी घालत. १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमहून नॉट्स काउंटी क्लबच्या धर्तीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी आल्या आणि मग तीच त्यांची ओळख झाली. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या लाल जर्सीला पांढऱ्या बाह्या १९३३ मध्ये लागल्या. त्याआधीची जर्सी हवी असेल तर बाह्याही लालच हव्यात.

आकड्यांचंही तसंच. इंग्लंडच्या लीगमध्ये पाठीवर आकडे पहिल्यांदा दिसले ते २५ ऑगस्ट १९२८ रोजी, आर्सेनल आणि चेल्सीच्या सामन्यांत. १९३३ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ आकडे दिले होते. लीगने आकडे सक्तीचे केले ते १९३९ मध्ये. त्यामुळे १९२० सालच्या जर्सीची पाठ कोरी असणं हेच बरोबर. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबची तर गंमतच आहे. हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांवर आकडा नको म्हणून त्यांनी १९६० पासून आकडे चड्डीवर लावले, आणि पाठीवर आकडे आले ते थेट १९९४ मध्ये. १९६७ ची सेल्टिक जर्सी म्हणून कुणी पाठीवर मोठा ७ लावून दिला, तर ती परत करायला हरकत नाही.

शक्य असेल तर साल ठरवून थांबू नका, एखादा सामनाच ठरवा. एकाच हंगामात लांब बाह्यांची आणि आखूड बाह्यांची अशा दोन्ही जर्सी असत. सामना ठरला की वाद मिटतो.

मग फोटो जमवा. समोरून, पाठीमागून, आणि खेळाडू धावतानाचा एक तरी. उभ्या फोटोत कॉलर कळते, धावत्या फोटोत कापड कळतं: जाड सूत मोठ्या, गोल घड्यांमध्ये पडतं, नायलॉनला बारीक, चमकत्या सुरकुत्या पडतात.

कृष्णधवल फोटोंवरून रंग ठरवताना मात्र एक खड्डा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल जर्सी काळी उमटते आणि निळी जर्सी फिकट होते. फोटोतलं आकाश पांढरंफटक आणि खेळाडूंचे ओठ काळे दिसत असतील, तर जर्सीच्या करड्या छटेवरून अंदाज बांधू नका. त्या काळात सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या रंगीत चित्रांचा उपयोग होतो, पण कॉलरच्या आकारासाठी जास्त आणि रंगासाठी कमी. ते रंग छापखान्यात भरलेले असत. जमलं तर संग्रहालयातली खरी जर्सी पाहा. मँचेस्टरचं नॅशनल फुटबॉल म्युझियम आणि ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कमधलं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम त्यासाठी चांगली. पाहताना मात्र हे ध्यानात ठेवा की शंभर वर्षांत कापडाचा रंग विटतो. शिवणीच्या आत दुमडलेला भाग दिसला तर मूळ रंग तिथे सापडेल.

कुठल्या काळाला कुठलं कापड

"जर्सी" हा शब्द मुळात कापडाचाच. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर विणल्या जाणाऱ्या लोकरी कपड्यांवरून तो आला. आजही कापडवाल्याकडे "जर्सी" मागितली तर तो ठाण दाखवेल, शर्ट नाही. त्याच्याशी बोलताना घोटाळा नको म्हणून "सिंगल जर्सी" (एकेरी वीण) की "इंटरलॉक" (दुहेरी वीण) हे स्पष्ट सांगा.

एकोणिसाव्या शतकातल्या जर्सी लोकरीच्या, फ्लॅनेलच्या किंवा जाड सुताच्या असत. १८७२ मध्ये ग्लासगोला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंड गडद निळ्या आणि इंग्लंड पांढऱ्या शर्टात होता. त्या काळाची जर्सी करायची तर मऊ लोकरी फ्लॅनेल घ्या. मात्र फ्लॅनेल हे मागावर विणलेलं कापड, ते ताणत नाही. मुंढा (बाही जोडतात ती जागा) सैल आणि गळ्यापुढे बटणपट्टी ठेवली नाही तर डोकंच आत जाणार नाही. विणीची लोकर घ्यायची असेल तर मेरिनो घ्या. जाडीभरडी लोकर दिसते अस्सल, पण उघड्या अंगावर दहा मिनिटंही सोसवत नाही.

लोकर सगळ्यात जास्त टिकली ती गोलरक्षकांकडे. इंग्लंडमध्ये १९०९ साली गोलरक्षकाने वेगळ्या रंगाची जर्सी घालावी असा नियम झाला. आधी शेंदरी, निळा किंवा पांढरा एवढेच रंग चालत, १९१२ मध्ये हिरवा आला आणि पुढे तोच गोलरक्षकांचा रंग होऊन बसला. त्यांच्या उंच गळ्याच्या, जाड रिब (उभ्या रेघांच्या, ताणणाऱ्या) विणीच्या स्वेटरसाठी हातविणीची माणसं गाठा. शिंप्याचं ते काम नाही.

दोन महायुद्धांमधल्या आणि दुसऱ्या युद्धानंतरच्या काळात राज्य होतं ते जाड सुताचं. सैल घेर, लांब बाह्या, आणि कॉलर अंगाच्या विणीची नव्हे तर वेगळ्या ताठ ड्रिलची, म्हणजे मागावरच्या जाड सुती कापडाची. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं हरवलं, त्या सामन्याचे फोटो शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला इंग्लंडचे ढगळ, कॉलरवाले शर्ट आणि दुसऱ्या बाजूला हंगेरीच्या हलक्या, अंगाबरोबरच्या जर्सी. त्यानंतर इंग्लंडमध्येही व्ही गळा, आखूड बाह्या आणि हलकं कापड यांची चलती झाली.

साठच्या दशकात गोल गळा आला. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली इंग्लंडची लाल जर्सी डोळ्यांसमोर आणा: लांब बाह्या, गोल रिबचा गळा, जाड सुती वीण, कुठे कॉलर नाही, बटण नाही. पहिल्यांदाच जर्सी करणाऱ्याने याच काळातली करावी असं मी सांगेन. चुका करायला जागाच कमी.

१९७० च्या विश्वचषकाला मेक्सिकोच्या उन्हासाठी इंग्लंडने एअरटेक्सच्या जर्सी नेल्या. एअरटेक्स म्हणजे बारीक छिद्रांचं सुती कापड. छिद्रांत हवा अडकते म्हणून ते थंडीत ऊब देतं आणि उन्हात श्वास घेतं. आज याच्या जवळचं म्हणून "मेश" नावाचं पॉलिएस्टर पुढे केलं जातं. ते घेऊ नका. हातात घेतलं की फरक कळतो: सुती जाळी मऊ आणि चमकहीन असते, पॉलिएस्टरची जाळी बोटांना निसरडी लागते.

यानंतरच्या काळासाठी "पारंपरिक म्हणजे सुती" हा समज सोडा. साठच्या दशकाच्या शेवटापासून नायलॉन आणि मग पॉलिएस्टर आलं. १९७३-७४ मध्ये अ‍ॅडमिरल कंपनीने लीड्स युनायटेडच्या जर्सी चाहत्यांना विकायला काढल्या, तिथून मोठी पंखांसारखी कॉलर आणि बाह्यांवरच्या पट्ट्या यांचं दशक सुरू झालं. ऐंशीच्या दशकात एकाच रंगात चमकत्या आणि चमकहीन सावलीपट्ट्या आल्या. त्या विणीतच असतात. सुती कापडावर त्या छापून घेतल्या तर शाळेच्या गॅदरिंगचा पोशाख होतो.

१९८६ च्या विश्वचषकाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्याआधी अर्जेंटिनाचे प्रशिक्षक बिलार्दो यांना आपल्या निळ्या जर्सी दुपारच्या उन्हासाठी फार जड वाटल्या. सामना तोंडावर आलेला. मेक्सिको सिटीतल्या दुकानातून हलक्या निळ्या जर्सी आणल्या, बिल्ले घाईघाईने शिवले आणि पाठीवर चंदेरी, चकाकते, अमेरिकन फुटबॉलच्या वळणाचे आकडे इस्त्रीने चिकटवले. मॅराडोनाने दोन्ही गोल केले ते याच जर्सीत, आणि २०२२ मध्ये ती लिलावात ७१ लाख पौंडांच्या वर गेली. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या जर्सींपैकी एक मुळात घाईतली जुळवाजुळव होती. तिची प्रतिकृती फार नीटनेटकी झाली तर तीच चूक.

कापड घरी आणून तपासा

पूर्ण कापड घेण्याआधी अर्धा मीटर तुकडा आणा. दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून स्वयंपाकघरातल्या बारीक वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरेल त्याला शंभराने गुणलं की कापडाचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, मिळतं. चौकोन १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम, म्हणजे रोजच्या टी-शर्टचं कापड. चाळीस ते साठच्या दशकांतल्या जर्सीसाठी मी २२० च्या खाली जात नाही. २४० ते २६० च्या आसपास कापड अंगावर नीट पडतं.

आता कापलेली कड दोन्ही हातांनी आडवी ताणा. कड गुंडाळून नळीसारखी झाली तर ते सिंगल जर्सी. सपाट राहिली आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तर इंटरलॉक. सिंगल जर्सीची एक खोड आहे: धुतल्यावर ती तिरकी फिरते आणि बगलेखालची शिवण हळूहळू पोटावर येते. साठच्या दशकाच्या गोल गळ्याच्या जर्सीसाठी म्हणूनच इंटरलॉक बरं.

धागा खरंच सुती आहे का, हे पाहायला एक दोरा चिमट्यात धरून जाळा. खाली थाळी, जवळ पाणी. सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती आपोआप विझते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. राखेत बारीक टणक खडे लागले तर मिश्र धागा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

मग आटण. उरलेल्या तुकड्यावर पक्क्या शाईने तीस सेंटिमीटरचा चौकोन आखा, पुढे जसं धुणार तसंच धुवा, वाळवा, परत मोजा. उभी बाजू २८ भरली तर कापड जवळपास सात टक्के आटलं. विणीच्या सुती कापडात हे अगदी नेहमीचं आहे. यावर उपाय एकच: सगळं कापड बेतण्याआधी धुऊन घ्यायचं, आणि गळ्याचं रिब, कॉलरचं ड्रिल, आकड्यांचं कापड हेसुद्धा. अंग आटलं आणि कॉलर नाही आटली, की कॉलर लाटेसारखी उभी राहते.

रंगासाठी ओलं पांढरं फडकं कापडावर जोरात घासा. नंतर लाल आणि पांढरा तुकडा एकत्र गुंडाळून, भिजवून रात्रभर ठेवा. सकाळी पांढऱ्यावर गुलाबी झाक दिसली तर तो लाल रंग परत करा. मीठ, व्हिनेगर वगैरे घरगुती उपायांनी आजचे रंग पक्के होत नाहीत. माझी गुलाबी जर्सी अजून कपाटात आहे.

पट्टे: इथेच जर्सी जमते किंवा फसते

गोल विणयंत्रावर आडवे पट्टे सहज निघतात, धाग्याचा रंग बदलला की झालं. अडचण एकच: वीण गोल फिरत वर चढते, त्यामुळे पट्टा एका फेरीनंतर किंचित वर गेलेला असतो. शिंप्याने पुढचा आणि मागचा भाग एकाच घडीत कापला तर बगलेखाली पट्टे एकमेकांना चुकतात. पुढचा भाग आधी कापायचा, तो कापडावर ठेवून पट्ट्याला पट्टा जुळवायचा आणि मगच मागचा कापायचा. बाह्यांचे पट्टे छातीच्या पट्ट्यांशी जुळवायचे का, हे फोटो पाहून ठरवा.

उभ्या पट्ट्यांसाठी बरेच जण आडव्या पट्ट्यांचंच कापड फिरवून बेततात. दिसायला ते छान दिसतं, पण विणीचं कापड आडवं जास्त ताणतं. फिरवलं की तो ताण उभा होतो. जर्सी छातीला आवळते आणि लांबीला लोंबत जाते. माझ्या मते उत्तम मार्ग म्हणजे रंगीत पट्ट्या वेगवेगळ्या कापून एकमेकींना जोडणं. काम किचकट आहे. सात पट्ट्यांना सहा शिवणी, आणि प्रत्येक शिवणीत अर्धा मिलिमीटर जरी चुकला तरी एका बाजूला तीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून आधी सगळ्या पट्ट्या जोडून मोठा तुकडा तयार करून घ्या, इस्त्री करा, आणि त्यावर बेत ठेवा. मधली पट्टी गळ्याच्या मध्यावर हवी की दोन पट्ट्यांमधली शिवण, हे आधीच सांगा. आणि शिवण आतून नेहमी गडद पट्टीकडे दाबून घ्या, नाहीतर पांढऱ्यातून लाल काठ दिसत राहतो.

छापील पट्ट्यांबद्दल एवढंच: कापड ताणलं की छपाईच्या मधून खालचा पांढरा धागा दिसतो. तेवढ्याने सगळा खेळ उघडा पडतो.

माप आणि शिलाई

अंगाचं माप देण्यापेक्षा तुम्हाला नीट बसणारा, तशाच जाडीचा कपडा सपाट पसरून त्याची मापं द्या: बगलेपासून बगलेपर्यंत, खांद्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत, बाहीची लांबी, मुंढा. पन्नासच्या दशकाआधीची जर्सी छातीपेक्षा घेरात बारा ते पंधरा सेंटिमीटर सैल ठेवा. ती चड्डीत खोचून घालत, म्हणून लांबीही जास्त. सत्तरच्या दशकातली मात्र अंगाबरोबर हवी, आणि ती आपल्याला शोभेल का याचा विचार प्रत्येकाने आपापला करावा.

कॉलरसाठी धुतलेलं सुती ड्रिल घ्या, आत चिकटणारं अस्तर नको. चिकट अस्तराची कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहते आणि काही धुण्यांनंतर तिला फुगे येतात. नाडीच्या गळ्याला भोकं काजाच्या टाक्याने भरून घ्या, पितळी रिंगा फोटोत दिसत असतील तरच लावा. बटणं रबराची किंवा साधी, चमकदार प्लास्टिकची नकोत. गोल गळ्याचं रिब गळ्याच्या घेरापेक्षा पाचवा हिस्सा लहान कापून ताणून लावतात, त्यामुळे गळा मानेलगत बसतो. खांद्याच्या शिवणीत एक अरुंद सुती फीत टाकायला सांगा. जड कापडाने खांदे ओघळतात, फीत ते थांबवते.

आकडे आणि बिल्ला

जुने आकडे कापडाचे कापून शिवलेले असत. पांढऱ्या ड्रिलचा आकडा कापा, आधी कच्च्या टाक्यांनी पाठीवर बसवा, मग कडेने झिगझॅग टीप मारा. शिवताना पाठीमागे पातळ कागद ठेवला तर वीण ताणली जात नाही, नंतर कागद फाडून काढायचा. फेल्ट दिसायला सुंदर, पण लोकरीचं फेल्ट पाण्यात आटतं आणि आकड्याभोवती पाठ गोळा होते. आकड्याची उंची फोटोतून काढा: फोटोत आकडा आणि पाठीची रुंदी मोजा, तेच प्रमाण आपल्या जर्सीला लावा. अक्षरवळण संगणकातून घेऊ नका. जुना ४ आणि ७ हाताने कापलेले असत, त्यांचे कोपरे पूर्ण सारखे नसत. ट्रेसिंग पेपरवर फोटोतूनच उतरवा.

बिल्ला थेट जर्सीवर भरू नका. विणीच्या कापडावर दाट भरतकाम केलं की भोवती सुरकुत्या पडतात. वेगळ्या कापडावर भरून, कापून, हाताने टाचायचा. आधी बिल्ला मुळात होता का, हेही पाहा. साठच्या दशकापर्यंत अनेक क्लबांच्या रोजच्या जर्सीवर बिल्लाच नसे, तो एखाद्या अंतिम सामन्यापुरता लागे.

बिल्ल्यांवर क्लबचा व्यापारचिन्हाचा हक्क असतो. आर्सेनलने मैदानाबाहेर माल विकणाऱ्या एका विक्रेत्याला न्यायालयात खेचलं होतं. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं, २००२ मध्ये तिथे आणि २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात निकाल क्लबच्या बाजूने लागला. स्वतःसाठी एक शिवून घेणं वेगळं, दहा शिवून विकणं वेगळं. विकायचं मनात असेल तर आधी परवानगी मागा.

ताब्यात घेताना आणि नंतर

अंतिम कापडावर कात्री चालवण्याआधी जुन्या चादरीत किंवा स्वस्त विणीत एक कच्चा नमुना शिवून घ्या. घालून हात वर करा. जर्सी बेंबीच्या वर गेली तर मुंढा खोल आहे. खरी जर्सी आली की आधी उलटी करून पाहा, सगळ्या शिवणी हलकेच ताणा. टीप तटतट तुटत असेल तर ती न ताणणाऱ्या सरळ टाक्याने घाईत मारलेली आहे, विणीसाठी ताणणारा टाका आणि गोल टोकाची सुई लागते. ती लगेच उसवून परत शिवून मागा, एकदा धुतल्यावर कुणी ऐकत नाही.

सुती जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा आणि आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने लांबते. लोकर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. चिकटवलेल्या आकड्यांवर इस्त्री नको, शिवलेल्यांवर चालते, पण आतल्या बाजूने. लोकरीची जर्सी ठेवताना स्वच्छ धुऊनच ठेवा, कसर लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांनाच आधी. हँगरला लावू नका, घडी करा, आणि घडीची जागा दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर ड्रिलच्या कॉलरवर तिथे कायमची रेघ उमटते.